दाण्यावर पारवेच (कबुतरंच) येतात. मग बुलबुल, शिंजीर, चिमण्यांसाठी काय ठेवायचं?

नागपूरजवळच्या बेसाकडच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वर्षभरापूर्वी त्या फ्लॅट सोडून रो-हाऊसमध्ये राहायला आल्या. घरामागे साधारण पंधरा बाय वीस फुटांची जागा आहे. त्यात एक पेरू, एक तगर, मधोमध लॉन आणि कडेला कुंड्या. दिवाळीनंतर त्यांनी ऑनलाइन मागवलेला प्लास्टिकचा फीडर टांगला, त्यात बाजरी आणि तांदळाची कणी भरली. सुरुवातीला चिमण्या आल्या. आता उजाडलं की वीस-पंचवीस पारवे उतरतात, चिमण्या फिरकत नाहीत आणि शेजारचे विष्ठेवरून भांडायला आलेत. त्यात सासूबाई रोज कंपाउंडच्या भिंतीवर उरलेला भात आणि मूठभर शेव ठेवतात. ताईंचं बालपण नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात गेलं. तिथे चिमण्या अंगणात नाचायच्या, दयाळ पक्षी गायचा. त्यांचं विचारणं असं की पारवे टाळून चिमण्या, बुलबुल, शिंजीर (सनबर्ड) आणि दयाळ येतील असा कोणता दाणा आहे? आणि उन्हाळा तोंडावर असताना खाणं बंद केलं तर पक्ष्यांचे हाल होतील का?

ताई, मी नागपुरात लोकांच्या घरच्या बागा लावून देतो आणि पक्षी बघण्याचा नाद त्याहून जुना आहे. हा प्रश्न माझ्याकडे दर उन्हाळ्याच्या तोंडावर येतो, कधी मनीषनगरातून, कधी त्रिमूर्तीनगरातून. त्यामुळे सरळ सांगतो: असा दाणा नाही. तुम्ही ज्या चार पक्ष्यांची नावं घेतलीत त्यातले तीन दाण्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. बुलबुलाला फळं, कळ्या आणि किडे लागतात. शिंजीर फुलातला मध पितो आणि कोळी, बारीक किडे टिपतो. दयाळ जमिनीवरचे किडे, अळ्या, गांडुळं खातो. राहिली चिमणी. ती दाणा खाते, पण तिचीही एक अट आहे, त्याकडे पुढे येतो. म्हणजे तुमची खरी अडचण दाणा चुकीचा आहे ही नाही. बागेत दाण्याशिवाय पक्ष्याला थांबावंसं वाटेल असं काही नाही, ही आहे. लॉन दिसायला छान दिसतं, पण पक्ष्याच्या दृष्टीने ते जवळपास सिमेंटच.

आता काही गोष्टी परिस्थितीवर ठरतात, त्या आधीच कबूल करतो. तुमच्या भोवती अजून रिकामे प्लॉट असतील, तिथे बोरी-बाभळी आणि गवत असेल, तर सहा-आठ महिन्यांत बागेत चांगला फरक दिसेल. चारही बाजूंनी इमारती उभ्या राहिल्या असतील तर बुलबुल, शिंपी पक्षी, शिंजीर येतील, पण चिमण्यांची खात्री मी देणार नाही. जवळ अर्धवट पडलेलं बांधकाम असेल तर पारव्यांचं घर तिथेच आहे आणि ते पूर्णपणे कधीच जाणार नाहीत. गल्लीत मांजरी किती, बाग कोणत्या दिशेला, दुपारची सावली कुठे पडते, यावरही बरंच ठरतं. त्यामुळे खालचं सगळं जसंच्या तसं न उचलता आपल्या जागेवर घासून बघा.

पारव्यांचं आधी समजून घेऊ, कारण हे एकदा कळलं की बाकीचा निर्णय आपोआप होतो. पारवा मुळात कडेकपारीत राहणारा पक्षी. त्याला आपले सज्जे, डक्ट, एसीच्या युनिटमागची फट म्हणजे आयती कपार. वर्षभरात कधीही तो अंडी घालतो, एका वेळी दोन, आणि सतरा-अठरा दिवसांत पिल्लं बाहेर. पण खरी मेख पुढे आहे. पारव्याचे नर आणि मादी दोघंही गळ्यातल्या पिशवीत तयार होणारा दुधासारखा घट्ट स्राव पिल्लांना भरवतात. म्हणजे आई-बापाला कोरडी बाजरी मिळाली तरी पिल्लांचं पोट भरतं. चिमणीचं तसं नाही. अंड्यातून निघालेल्या चिमणीच्या पिल्लाला पहिले काही दिवस मऊ किडे, अळ्या, मावा असंच काहीतरी लागतं. बाजरी ते पचवू शकत नाही. तुम्ही पोतंभर बाजरी ठेवली तरी तुमच्या बागेत अळ्या नसतील तर चिमणीची पिल्लं जगणार नाहीत, आणि त्याच बाजरीवर पारव्यांच्या दोन पिढ्या वाढतील. भंडारा लावला की पंगतीला कोण बसेल हे यजमानाच्या हातात राहत नाही, तसंच हे.

म्हणून माझं मत असं की नागपुरातल्या घरच्या बागेत दाणा सगळ्यात शेवटी येतो. आधी पाणी, मग दाट झुडूप, मग किडे टिकतील अशी माती, आणि हे सगळं जमल्यावर हौस म्हणून थोडा दाणा. बहुतेक लोक उलट्या टोकाने सुरू करतात, कारण फीडर विकत मिळतो आणि पालापाचोळा मिळत नाही.

तुमचा फीडर आजच उतरवा. हळूहळू कमी करत बसू नका. पारवे चिकाटीचे असतात, थोडं जरी मिळालं तरी रोज येऊन बसतात. पूर्ण बंद केलं की पहिले आठ दिवस ते भिंतीवर वाट बघतील, आपल्यालाच अपराधी वाटेल. बहुतेक ठिकाणी तीन-चार आठवड्यांत थवा दुसरीकडे वळतो. त्यांचे हाल होणार नाहीत. नागपुरात किराणा दुकानांपुढे, मंदिरांपुढे, धान्याच्या गोदामांपाशी त्यांना भरपूर मिळतं. शेजाऱ्यांचं म्हणणंही हसण्यावारी नेऊ नका. पारव्यांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ दीर्घकाळ श्वासातून गेली तर काहींना फुप्फुसाचा चिवट आजार होतो. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयात गाजला तो याच कारणाने. साठलेली विष्ठा कोरडी झाडू नका. आधी पाणी मारून ओली करा, तोंडाला मास्क लावा आणि मग खरवडा.

फीडर उतरवल्यावर एक आठवडा काहीच करू नका, फक्त बघा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेक जण टाळतात. चहा घेऊन सकाळी साडेसहाला पोर्चमध्ये वीस मिनिटं बसायचं. हालचाल नाही, मोबाइलवर बोलणं नाही. कोण आलं यापेक्षा कुठे बसलं आणि काय करत होतं ते वहीत लिहायचं. बागेत पक्षी मजल्या-मजल्याने राहतात. जमिनीवर होले, सातभाई आणि दयाळ. कमरेएवढ्या झुडपात शिंपी, वटवट्या, बुलबुल. उंच शेंड्यावर तांबट, हळद्या, कोकीळ. तारेवर कोतवाल आणि वेडा राघू. आठवड्याच्या नोंदीतून तुमच्या घराचा कोणता मजला रिकामा आहे ते कळतं. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की मधला, झुडपाचा मजलाच तुमच्याकडे नाही. तगर आहे, पण तिला कापून गोल चेंडू केलं असेल तर ती असून नसल्यासारखी.

ओळख पटत नसेल तर मोबाइलवरचं मर्लिन हे फुकट ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं. मदत होते, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास नको. रस्त्यावरचा हॉर्न आणि शेजारचा मिक्सर यांच्यामध्ये ते कधीकधी भलतंच नाव दाखवतं. आवाज ऐकला, नाव दिसलं, तरी पक्षी डोळ्यांनी बघितल्याशिवाय वहीत लिहू नये.

आता पाणी. यावर थोडं लांबण लावणार आहे, कारण आपल्याकडे याच्याइतकं काहीच उपयोगी पडत नाही. पक्ष्यांना घाम येत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला की ते चोच उघडी ठेवून धापा टाकतात आणि गळ्याच्या ओलाव्याच्या वाफेतून अंगातली उष्णता बाहेर टाकतात. म्हणजे गार राहण्यासाठीच त्यांच्या शरीरातलं पाणी खर्च होतं, आणि नेमके त्याच दिवसांत डबकी आटलेली असतात. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, भर दुपारी माझ्याकडच्या भांड्यावर बुलबुल, साळुंकी, होला, सातभाई एकमेकांना खेटून बसलेले असतात, एरवी जे एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत.

भांडं मातीचंच घ्या. कुंभाराकडे कुंडीखाली ठेवायची रुंद, उथळ ताटली मिळते, ती उत्तम. माती झिरपते म्हणून पाणी गार राहतं; स्टीलचं ताट आणि प्लास्टिकचा डबा दुपारी चटका देतात. कडेला अर्धा इंच आणि मध्ये फार तर दोन इंच खोली पुरे. त्याहून खोल भांड्यात लहान पक्षी उतरत नाही, चुकून उतरलाच तर पिल्लू बुडू शकतं. तुमच्याकडे आधीच खोल भांडं असेल तर त्यात एक खडबडीत दगड ठेवा, त्याचा माथा पाण्याबाहेर राहील असा. मधमाश्यांचीही सोय होते.

जागा निवडताना दोन विरुद्ध गोष्टी सांभाळायच्या असतात. सावली हवी आणि पळून जायला जवळ झुडूप हवं, पण झुडूप अगदी भांड्याला टेकलेलं नको, कारण मांजर त्याच्याच आड दबा धरते. पाच-सहा फुटांचं अंतर मला बरं वाटतं. एक भांडं जमिनीवर, दयाळ आणि सातभाईंसाठी. दुसरं लहान, पेरूच्या फांदीला टांगलेलं. डुलत्या लहान भांड्यावर पारव्याला नीट बसता येत नाही, बुलबुलाला सहज येतं. जमिनीवरच्या भांड्यावर एखाद-दुसरा पारवा येईल, त्याला येऊ द्या. पाणी पिऊन तो निघून जातो, बस्तान बसवत नाही. तो आला तर एक गंमत बघा. चिमणी, बुलबुल, साळुंकी चोचीत घोट घेतात आणि मान वर करून गिळतात. पारवा आणि होला चोच बुडवून मान न उचलता सलग ओढतात. लांबूनही यावरून ओळखता येतं.

पाणी रोज बदला, मेमध्ये दिवसातून दोनदा. आणि नुसतं ओतून देऊ नका, काथ्याने कडा घासा. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात आणि पाणी भरलं की फुटतात. कूलरच्या टाकीचं जे शास्त्र तेच याचं. साबण नको, घासणी आणि ऊन पुरेसं आहे. नळाचं पाणी चालतं, आरओमधून वाया जाणारं क्षाराचं पाणी मात्र झाडांना घाला, पक्ष्यांना नको. गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांना सांगून जा. रोजच्या पाण्याची सवय लावून ऐन मेमध्ये पंधरा दिवस भांडं कोरडं ठेवणं बरं नाही.

कूलरवरून आठवलं. येत्या आठवड्यात तुम्ही कूलर सुरू कराल. त्याआधी मागची जाळी आणि वरची बाजू बघून घ्या. हिवाळाभर बंद पडलेला कूलर हे साळुंकीचं आणि चिमणीचं आवडतं घर असतं. पिल्लं असतील तर दोन-तीन आठवडे त्या खोलीत पंख्यावर भागवा.

झाडांचं सांगतो. पंधरा बाय वीसमध्ये मोठं झाड नको, झुडपं हवीत, आणि ती पावसाच्या सुरुवातीला लावा. आत्ता मार्चमध्ये लावाल तर काळ्या मातीला भेगा पडतील आणि निम्मी रोपं जूनपर्यंत जातील. खड्डे मात्र मेमध्येच खणून उन्हात तापू द्या. शिंजिरासाठी माझी पहिली पसंती हॅमेलिया. नर्सरीत याच नावाने मिळतं, नारिंगी नळीसारखी फुलं जवळपास वर्षभर येतात, पाणी कमी लागतं, आणि फुलं संपली की येणारी काळपट फळं बुलबुल खातो. सोबत एकेरी पाकळीची देशी जास्वंद लावा. दुहेरी, गच्च पाकळ्यांच्या जास्वंदीत शिंजिराची चोच नीट पोचत नाही. अडुळसाही छान, औषधी म्हणून सासूबाईंनाही पटेल. बुलबुलासाठी तुती आणि कढीपत्ता. तुतीची जाड फांदी पावसाळ्यात रोवली तरी जगते आणि दुसऱ्या वर्षी फळते. कढीपत्त्याची पानं आपण तोडतच असतो. एक फांदी न तोडता वाढू द्या, तिला फुलं येतील, मग काळी फळं येतील, आणि ती पिकली की बुलबुल आणि कोकिळा हजर होतील. सिंगापूर चेरीला पक्षी अक्षरशः लोटतात, पण तिचा पसारा दोन वर्षांत तुमची सगळी जागा खाईल. रस्त्याच्या कडेला लावायची परवानगी मिळत असेल तर तिथे लावा.

पेरू आहेच. त्याची सगळी फळं पिशव्या बांधून झाकू नका. वरची, हाताला न येणारी तशीच राहू द्या. पपईची एखादी फोड उन्हाळ्यात फांदीला खोचून ठेवली तर बुलबुल, तांबट येतात, कधी टकाचोरही. दुपारपर्यंत उरलेली फोड काढून टाकायची, नाहीतर मुंग्या आणि माश्या. संत्र्याची फोड ठेवून बघायचा मोह नागपूरकर म्हणून होतोच. अनुभव असा की पपई असताना तिच्याकडे फारसं कोणी वळत नाही.

मेंदीची एक ओळ भिंतीकडेला लावा आणि तिला वाढू द्या. दाट आणि काटक्यांची मेंदी म्हणजे लहान पक्ष्यांचा किल्ला. छाटणीबद्दल मात्र एक विनंती. नागपुरात लोक जूनमध्ये पाऊस पडला की कात्री घेऊन सुटतात, आणि नेमकी तेव्हाच शिंप्याची, वटवट्याची, बुलबुलाची घरटी झुडपात असतात. शिंपी तर दोन पानं शिवून आत घरटं करतो, ते कापलं जाईपर्यंत दिसतच नाही. मोठी छाटणी डिसेंबर-जानेवारीत करा.

आता मुद्दा किड्यांचा, आणि इथे घरोघरी माझं भांडण होतं. पेरूवर मिलीबग (पिठ्या ढेकूण) आले, जास्वंदीवर मावा आला, की माळी फवारणी सुचवतो. एका फवारणीत चिमणीच्या पिल्लांचं जेवण गेलं, शिंजिराचे कोळी गेले, आणि विष खाल्लेल्या अळ्या दयाळाच्या पोटात गेल्या. पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने मावा निम्मा धुऊन जातो. उरलेला राहू द्या, पंधरा दिवसांत त्याच्यावर जगणारे येतात. फारच झालं तर निंबोळी अर्क, तोही फुलांवर नाही. पेरूखालचा पालापाचोळा झाडून जाळू नका. दोन-तीन इंचांचा थर राहू दिला की त्यात किडे होतात, आणि मग सातभाईंचा कळप पानं उलटीपालटी करत, कलकलाट करत फिरतो. दयाळही तिथेच उतरेल. कोपऱ्यातली कोळ्याची जाळी झाडूने काढताना बाहेरची काही ठेवा. शिंजीर आणि शिंपी दोघांनाही घरटं बांधायला ते धागे लागतात. आणि लॉनमधला दीड फूट चौरस तुकडा खरवडून कोरड्या मऊ मातीचा ठेवा. चिमण्या त्यात धुळीची आंघोळ करतात. पेव्हर ब्लॉक घातलेल्या आपल्या कॉलन्यांमध्ये ही साधी गोष्ट त्यांना कुठेच मिळत नाही.

घर स्वच्छ दिसणार नाही ही तक्रार येईल. थोडं दिसणार नाही, खरं आहे. मी लोकांना सांगतो की बागेचा पुढचा भाग पाहुण्यांसाठी चकाचक ठेवा आणि मागचा तसाच सोडा.

एवढं झाल्यावर, म्हणजे येत्या दिवाळीनंतर, हवं तर दाणा पुन्हा सुरू करा. पण फीडरने नाही. भंडारा-गोंदियाकडे नातेवाईक असतील तर त्यांच्याकडून धानाच्या लोंब्यांची जुडी मागवा, नसेल तर ज्वारी-बाजरीची कणसं आणा, आणि ती दाट झुडपाच्या वर, बारीक तारेला टांगा. लोंबीला लटकून दाणा काढणं चिमणीला आणि मुनियेला जमतं, पारव्याला जमत नाही. खाली झुडूप असलं की सांडलेला दाणा मोकळ्या जमिनीवर पडत नाही. फीडरच हवा असेल तर त्याच्याभोवती दीड इंच चौकटीची जाळी बसवून घ्या. चिमणी आत शिरते, पारवा आणि साळुंकी बाहेर राहतात. रोज सकाळी एक मूठ, आणि साडेनऊपर्यंत संपेल इतकीच. रात्री दाणा पडून राहिला की उंदीर-घुशी येतात, आणि बेसासारख्या भागात त्यांच्या मागोमाग धामण किंवा नागही. पावसाळ्यात दाणा पूर्ण बंद. ओल्या दाण्याला बुरशी धरते, ती पक्ष्यांना विषारी ठरू शकते, आणि त्या दिवसांत गवताचं बी आणि किडे रग्गड असतात. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी वाळवीला पंख फुटून ती उडू लागली की बुलबुलापासून कोतवालापर्यंत सगळे हवेत झेपा टाकत ती टिपतात. तसलं जेवण आपण ठेवू शकत नाही.

सासूबाईंचं काय करायचं? त्यांना बंद करा म्हणू नका, बदला म्हणा. शेव, चिवडा, फरसाण, लोणच्याचा मसाला लागलेला भात यातलं मीठ आणि तेल लहान पक्ष्यांना झेपत नाही. ब्रेड आणि बिस्किटाने नुसतं पोट भरतं. दूध पक्ष्यांना पचत नाही. बिनमिठाचा घासभर भात कावळ्यासाठी गच्चीवर ठेवायला हरकत नाही, कावळा तो पाच मिनिटांत संपवतो. कच्चा तांदूळ पोटात फुगून पक्षी मरतात असं बरेच जण सांगतात, ते खरं नाही. पण कणी पारव्यांनाच आधी सापडते, म्हणून नको. माझ्या ओळखीच्या बऱ्याच घरांत पाण्याची भांडी घासून भरणं हे काम आजींनी आपणहून घेतलं आहे. पुण्याईचा हिशोब त्यातही बसतो.

शिंजिरासाठी साखरपाणी ठेवू का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. ठेवू नका. आपल्या उन्हात ते काही तासांत आंबतं, भांडं नीट न धुतल्यास बुरशी धरते, आणि मुंग्यांची रांग लागते. हॅमेलियाचं एक झुडूप ते काम चोवीस तास, न आंबता करतं. सध्या शहराबाहेर पळस आणि सावर फुललेत, शिंजिरांची तिथे चंगळ चालली आहे. तुमच्याकडे नर दिसला तर लखलखत्या जांभळ्या रंगात दिसेल. विणीचा हंगाम सरला की तोच नर मादीसारखा मळकट पिवळा होतो, फक्त गळ्यावरून पोटापर्यंत एक गडद पट्टा राहतो. तेव्हा लोक म्हणतात नर निघून गेला. तो तिथेच असतो.

चिमणीच्या लाकडी घरट्याबद्दल: २० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो, त्यामुळे आता ती सगळीकडे वाटली जातील. घ्या, पण भोक मोजून घ्या. ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच. त्याहून मोठं असेल तर साळुंकी बळकावते. आठ-दहा फूट उंचीवर, पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड करून, पंख्यापासून लांब लावा. पश्चिमेच्या भिंतीवरचं घरटं मेमध्ये भट्टी होतं, पिल्लं आत भाजून निघतात. बाहेर बसायची दांडी नको, चिमणीला ती लागत नाही, शिकाऱ्यांना उपयोगी पडते.

धोक्यांचं पटकन सांगतो. मोठ्या काचेत झाडाचं प्रतिबिंब दिसत असेल तर पक्षी धडकतात. बाहेरून दोन-दोन इंचांवर ठिपके किंवा दोऱ्या लावा. संक्रांतीनंतर पेरूत अडकलेला मांजा काढा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, तरी झाडांवर तो लटकलेला असतोच. मे-जूनमध्ये जमिनीवर फडफडणारं, पिसं आलेलं पिल्लू दिसलं तर घरात आणू नका. ते उडायला शिकत असतं आणि आई-बाप जवळच असतात. मांजराचा धोका वाटला तर उचलून झुडपात ठेवा. माणसाचा हात लागल्याने आई-बाप ते टाकत नाहीत. खरोखर जखमी असेल तर सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. कावळे किंवा इतर पक्षी एकापाठोपाठ मरून पडलेले दिसले तर हात लावू नका, कळवा, आणि भांडी काही दिवस उचलून ठेवा. २०२५ च्या सुरुवातीला नागपूरच्याच गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावल्याचं उघड झालं होतं, त्यामुळे ही काळजी पोकळ नाही.

आता अपेक्षा किती ठेवायची. या उन्हाळ्यात पाण्यावर बुलबुल, होले, साळुंक्या, सातभाई येतील, याची मला जवळपास खात्री आहे. दयाळ पावसाळ्यात, पालापाचोळा मुरला की. शिंजीर हॅमेलिया फुलला की. चिमण्या सगळ्यात उशिरा, आणि त्या आल्या तर जवळच्या एखाद्या घरात त्यांची वस्ती अजून शिल्लक आहे असं समजा. थंडीत पाहुणे येतात: जमिनीवर शेपूट थरथरवणारा थिरथिरा, झाडात टिकटिक करणारा छोटा माशीमार, आणि भोरड्यांचे थवे. हरियाल आणि राखी धनेश यांच्यासाठी सिव्हिल लाइन्स किंवा सेमिनरी हिल्सची जुनी वड-उंबरांची झाडं बघावी लागतील, ते तुमच्या पेरूवर येणार नाहीत.

५ ते १२ नोव्हेंबर महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, वन्यजीव अभ्यासक-लेखक मारुती चितमपल्ली आणि पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या वाढदिवसांच्या मधला आठवडा. तेव्हा आजच्या वहीतली यादी आणि त्या आठवड्यातली यादी शेजारी ठेवा, आणि जमल्यास ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही नोंदवा. फरक पडला की नाही ते माझ्या सांगण्यापेक्षा त्यातून नीट कळेल.

तुमच्याकडून दोन गोष्टी कळल्या तर पुढचं नेमकं सांगता येईल. मागची बाग कोणत्या दिशेला आहे आणि दुपारी तीनला सावली कुठपर्यंत येते? आणि कंपाउंडच्या पलीकडे रिकामा प्लॉट आहे की घर? प्लॉट असेल तर मेंदी त्या बाजूला लावायची, घर असेल तर तुती त्या भिंतीपासून निदान चार फूट आत घ्यायची, नाहीतर पिकलेल्या तुतींचे डाग शेजाऱ्यांच्या गाडीवर पडून भांडणाचं नवं कारण होईल.